ड्रेप रक्त मोजतो, थांबवत नाही: लेबर रूममधल्या एका साध्या प्लास्टिकचं परीक्षण

"रक्त किती गेलं?" या प्रश्नाला लेबर रूममध्ये ठरलेलं उत्तर असतं: "नॉर्मल." केसपेपरवर त्याचंच १५० किंवा २०० मिली होतं. हा आकडा कुणी मोजलेला नसतो. चादर, पॅड, टेबलाखालची बादली यांच्याकडे एक नजर टाकून तो लिहिलेला असतो. थोडं रक्त गेलं असेल तर असा अंदाज चालून जातो. खूप गेलं असेल तेव्हा मात्र तो हमखास कमी पडतो, आणि बरोबर यायला हवा असतो तो नेमका तेव्हाच.

या अंदाजाला पर्याय म्हणून जी वस्तू मिळते तिचं हे परीक्षण. बाळंतिणीच्या नितंबांखाली घालायची पारदर्शक प्लास्टिकची चादर आणि तिलाच खाली जोडलेली, मिलिलिटरच्या खुणा छापलेली निमुळती पिशवी, एवढाच तिचा अवतार. नाव कॅलिब्रेटेड ड्रेप, बोलताना नुसता 'ड्रेप'. आम्हीही पुढे पूर्ण वस्तूला ड्रेपच म्हणू, कारण नुसतं 'पिशवी' म्हटलं की घोळ होतो. आपल्याकडे गर्भाशयालाच पिशवी म्हणतात. "पिशवी बघ गं," असं शिकाऊ सिस्टरला सांगितलं तर ती खाली वाकेल की पोटावर हात ठेवेल, याचा नेम नाही. ट्रेनिंगच्या पहिल्या पाच मिनिटांतच ठरवून टाकावं: पोटातली ती पिशवी, टेबलाला लोंबतो तो ड्रेप.

मत आधीच सांगतो. प्रसूतिशास्त्र विभागात, नर्सिंग कॉलेजात किंवा स्किल लॅबमध्ये पीपीएच, म्हणजे बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव, शिकवायचा असेल तर ड्रेप हवाच. पण नुसताच ड्रेप घेतलात तर पैसे पाण्यात.

वस्तूचं मूळ आपल्या शेजारचं, बेळगावचं. तिथल्या केएलई संस्थेच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी अमेरिकन सहकाऱ्यांबरोबर २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये मिसोप्रोस्टॉल (थोडक्यात मिसो) या गर्भाशय आवळणाऱ्या औषधाची चाचणी घेतली. बाळंतपणं घरी नाहीतर उपकेंद्रात, आणि ती करणाऱ्या एएनएम, म्हणजे गावपातळीवरच्या परिचारिका-सुईणी. एकूण १६२० बायका. एका गटाला बाळ झाल्यावर ६०० मायक्रोग्रॅम मिसो तोंडाने, दुसऱ्या गटाला तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या. २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: पीपीएचचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर उतरलं. आता हा फरक दाखवायचा तर घरातल्या बाळंतपणात गेलेलं रक्त अचूक मोजायला हवं. 'नॉर्मल'वर चाचणी उभी राहत नाही. त्या गरजेतून 'ब्रास-व्ही' नावाचा ड्रेप वापरात आला. त्याच वर्षी बेळगावच्याच १२३ बायकांच्या अभ्यासात एका गटाचं रक्त ड्रेपने मोजलं, दुसऱ्याचं नजरेने. ड्रेपची सरासरी ३०२ मिली, नजरेची २०३. म्हणजे तिसरा हिस्सा रक्त कुणाच्या हिशेबातच नाही.

थोडक्यात, ही मुळात संशोधनाची मोजपट्टी. उपचाराचं साधन ती नंतर झाली, आणि ते होणं वाटतं तितकं सरळ नव्हतं.

आधी वस्तू हातात घेऊन बघू. चांगल्या ड्रेपला चार भाग असतात: नितंबांखाली जाणारा प्लास्टिकचा सपाट पत्रा, पोटाभोवती बांधायच्या दोन पट्ट्या, मधलं गळणीसारखं तोंड आणि खालची निमुळती पिशवी. यातल्या पट्ट्या सगळ्यात दुर्लक्षित. घाईत त्या बांधल्या जात नाहीत, बाई जरा हलली की पत्रा खाली सरकतो आणि रक्त पाठीकडच्या बाजूने चादरीवर जातं. ड्रेपमध्ये मग २०० दिसतात आणि चादर उचलली की खाली ओलाचिंब पॅड. पिशवी तळाशी निमुळती हवी, याचं कारण सोपं आहे. रुंद तळाच्या पिशवीत १०० मिली रक्ताने पातळी बोटभरही चढत नाही आणि सुरुवातीचा वेग कळत नाही. निमुळत्या तळात पहिले १०० मिली सुद्धा स्पष्ट वाचता येतात.

छपाईकडे नीट बघावं. काही ड्रेपवर धोक्याची रेषा लाल शाईने छापलेली असते. कागदावर छान दिसते, पण पारदर्शक प्लास्टिकमागे रक्त भरलं की लाल रेषा रक्तात बुडून जाते. आकडे काळे किंवा गडद निळे हवेत आणि पिशवीच्या कडेला हवेत, जिथे मागे रक्ताचा रंग कमी येतो. स्पिरिट लावलेला बोळा छपाईवर दहा वेळा घासून पाहावा. शाई उठली तर तो लॉट परत.

माप खरं आहे का, हे तपासणं पाच मिनिटांचं काम आहे आणि जवळपास कुणी करत नाही. मोजपात्राने ३०० मिली पाणी ओता, ड्रेप मोकळा लोंबू द्या, पातळी वाचा. मग आणखी २०० मिली ओतून ५०० ची रेषा बघा. १० टक्क्यांच्या आत फरक असेल तर ठीक. त्यानंतर १ लिटरपर्यंत भरून १५ मिनिटं परातीवर टांगून ठेवा. गळती जिथे पत्रा आणि पिशवी जोडलेली असते तिथूनच सुरू होते, पिशवीच्या तळातून क्वचित. प्रत्येक नव्या लॉटमधला एक ड्रेप या तपासणीत खर्ची घालावा.

आता लावण्याची पद्धत. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, आणि पहिली चूक वेळेची. पूर्ण दिवसांच्या गरोदरपणात गर्भजल साधारण ५०० ते ८०० मिली असतं. ड्रेपची पिशवी बाळ यायच्या आधीच उघडी असेल तर ते पाणी तिच्यात जाणार आणि बाळंतपण संपायच्या आत ५०० ची रेषा ओलांडलेली दिसणार. असे दोन-तीन खोटे गजर झाले की सिस्टर ड्रेपवर विश्वास ठेवणं सोडते, आणि ते योग्यच म्हणायचं. म्हणून बाळ बाहेर आलं, नाळेला चिमटा लागला, पाणी वाहून गेलं, की मग ड्रेप सरकवायचा. एकीने बाईची कंबर उचलायला मदत करायची, दुसरीने पत्रा पाठीखाली माकडहाडाच्या वरपर्यंत न्यायचा, पट्ट्या पोटावर बांधायच्या, पिशवीची घडी पूर्ण उलगडून ती टेबलाच्या कडेवरून मोकळी सोडायची. आधीच घालून ठेवायचा असेल तर पिशवी घडी करून बंद ठेवावी. तरीही पाणी गेलंच तर बाळ झाल्याक्षणी पातळी वाचून केसपेपरवर लिहावी आणि पुढच्या मापातून वजा करावी. हे लिहून ठेवलं नाही तर वजाबाकी नंतर कुणाच्याच लक्षात राहत नाही.

लघवीची गोष्ट वेगळी नाही. भरलेलं मूत्राशय ड्रेपमध्ये रिकामं होतं आणि माप फुगतं. शिवाय ते भरलेलं राहिलं तर गर्भाशय नीट आवळत नाही, हा दुहेरी तोटा. आधी मूत्राशय रिकामं करून घ्यावं.

टेबलाला कापलेली कड नसेल, म्हणजे साधी खाट असेल, तर ड्रेपची पिशवी गादीवर आडवी पडते आणि आकड्यांना अर्थ उरत नाही. बाईला खाटेच्या कडेला घ्यावं. ते जमत नसेल तर वाचताना पिशवी हलकेच उचलून उभी धरावी, पातळी स्थिर होऊ द्यावी, डोळे रेषेच्या समोर आणून वाचावं. वरून बघितलं तर नेहमी चुकीचं वाचलं जातं. गॉज आणि पॅडमध्ये शोषलेलं रक्त ड्रेपमध्ये येत नाही, ते वजनाने मोजायचं: ओल्याचं वजन उणे कोरड्याचं वजन, १ ग्रॅम म्हणजे जवळपास १ मिली. त्यासाठी स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा पुरतो. कोरड्या पॅडचं वजन भिंतीवर लिहून ठेवावं, म्हणजे ऐनवेळी शोधाशोध नको. गाठी ड्रेपमध्येच राहू द्याव्यात, काढून किडनी ट्रेमध्ये टाकू नयेत.

ड्रेपला काय दिसत नाही, हेही शिकवायला हवं. पोटातल्या पिशवीत गाठी साठून ती फुगत चालली असेल तर खाली १५० मिलीच दिसतील. योनिमार्गाच्या भिंतीत रक्त साठलं असेल तर काहीच दिसणार नाही. बाईचं डोकं खाली आणि कंबर वर असेल तर रक्त आतच साचतं आणि ती उठून बसली की एकदम येतं. म्हणून दर १५ मिनिटांनी पहिला तासभर तीन गोष्टी एकत्र बघायच्या: ड्रेपची पातळी, रक्ताची धार आणि पोटावर हात ठेवून गर्भाशयाचा टणकपणा. सोबत नाडी आणि रक्तदाब. सिझेरियनला हा ड्रेप उपयोगाचा नाही. तिथे सक्शनची बाटली आणि मॉपचं वजन हाच हिशेब.

आता मुद्द्यावर येऊ. युरोपातल्या १३ देशांतल्या ७८ प्रसूतिगृहांमध्ये, २५,००० हून अधिक बाळंतपणांत अशीच मोजणारी पिशवी वापरून पाहिली गेली. निकाल २०१० मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. गंभीर पीपीएचचं प्रमाण पिशवी वापरणाऱ्या रुग्णालयांत १.७१ टक्के, न वापरणाऱ्यांत २.०६ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. रक्त मोजलं, आकडा दिसला, आणि पुढे प्रत्येकाने आपापल्या नेहमीच्या चालीने काम केलं.

त्यानंतर १३ वर्षांनी, २०२३ मध्ये, 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये 'ई-मोटिव्ह' चाचणी आली. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या पुढाकाराने केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातली ८० रुग्णालयं, दोन लाखांहून अधिक बाळंतिणी. ड्रेप इथेही होता. पण त्याच्यासोबत एक ठरलेली साखळी बांधून दिली होती: रेषा ओलांडली की गर्भाशयाला मसाज, ऑक्सिटोसिन (गर्भाशय आवळणारं औषध), ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड (टीएक्सए, रक्ताच्या गाठी विरघळू न देणारं औषध), सलाईन, तपासणी, आणि तरीही थांबलं नाही तर पुढे कळवणं. एकामागून एक करून वाट बघत बसायचं नाही, सगळं एका दमात. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडण्याची वेळ किंवा मृत्यू, हे सगळं मिळून ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. आणखी दोन आकडे आम्हाला त्याहून बोलके वाटतात. पीपीएच ओळखलं जाण्याचं प्रमाण ५१ वरून ९३ टक्क्यांवर गेलं, आणि पूर्ण उपचार मिळण्याचं १९ वरून ९१ टक्क्यांवर. दुसरा आकडा पुन्हा वाचावा. नेहमीच्या पद्धतीत पीपीएच झालेल्या पाचातल्या चौघींना पूर्ण उपचार मिळतच नव्हते. ते प्लास्टिकने बदललं नाही, रेषा दिसताच काय करायचं हे हातांना पाठ झाल्याने बदललं.

म्हणूनच खरेदी करताना ड्रेपइतकाच विचार ट्रेनिंगचा करावा.

रेषा कुठली, याबद्दल. ५०० मिली ही पीपीएचची जुनी व्याख्या. ई-मोटिव्हमध्ये दोन रेषा होत्या: ५०० ला थेट उपचार, आणि ३०० ला सोबत आणखी एक बिघाड असेल तर उपचार. जागतिक आरोग्य संघटना आणि प्रसूतितज्ज्ञांच्या व सुईणींच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२५ मध्ये तीच दिशा घेतली: ३०० मिली आणि नाडी १०० च्या वर, वरचा रक्तदाब १०० च्या खाली, खालचा ६० च्या खाली किंवा नाडी भागिले वरचा रक्तदाब १ पेक्षा जास्त, यातलं काही एक दिसलं की सुरुवात करा, नाहीतर ५०० ला. आपल्यासाठी ३०० ची रेषा फार महत्त्वाची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायका रक्तक्षयग्रस्त आढळल्या. ४५ किलोची, हिमोग्लोबिन ८ असलेली बाई ५०० मिली गमावून बसते, तेव्हा ती पाठ्यपुस्तकातल्या बाईइतकी तग धरत नाही. ज्या ड्रेपवर फक्त ५०० ची रेषा आहे तो घेऊ नये. घेतलाच असेल तर वापरण्यापूर्वी कायमच्या मार्करने ३०० वर रेघ मारावी.

ट्रेनिंगचा सराव कसा बांधायचा ते आता जरा तपशिलात.

बनावट रक्तासाठी १ लिटर पाण्यात चमचाभर कॉर्नफ्लोअर कालवून उकळी आणायची, गार झालं की खाण्याचा लाल रंग आणि थेंबभर निळा. निळा नसेल तर सरबतासारखं दिसतं आणि मुलं हसत बसतात. गाठींसाठी चायना ग्रास लाल रंगात शिजवून ताटलीत जमवायचं आणि हाताने मोडायचं. सुरीने कापलेले चौकोन गाठींसारखे दिसत नाहीत. हे मिश्रण संध्याकाळपर्यंत आंबट व्हायला लागतं, त्यामुळे रोज ताजं. मॅनिकिनच्या, म्हणजे सरावाच्या पुतळ्याच्या, कातडीवर रंगाचे डाग पडतात, आधी पातळ तेलाचा हात फिरवून ठेवावा.

पहिला सराव नुसता डोळ्यांचा. ३०० मिली मिश्रण चार ठिकाणी ओतायचं: एक सुती चादरीवर, एक दोन पॅडवर, एक किडनी ट्रेमध्ये, एक फरशीवर. कुणाला सांगायचं नाही की सगळीकडे सारखंच आहे. प्रत्येकाने चिठ्ठीवर आकडा लिहायचा. चिठ्ठ्या फळ्यावर लावल्या की पुढचं भाषण वाचतं. फरशीवरचं नेहमी जास्त वाटतं आणि चादरीतलं कमी. पीजी करणारे डॉक्टर, इंटर्न आणि वीस वर्षं लेबर रूममध्ये काढलेल्या सिस्टर, तिघांच्या चिठ्ठ्या वेगळ्या रंगाच्या ठेवाव्यात. अनुभवाने अंदाज सुधारतो ही समजूत त्या फळ्यावर आपोआप ढासळते, आणि ज्येष्ठांचा पाणउतारा न करता ढासळते.

टांझानियात किगोमा भागात सुईणींना याच अडचणीवर एक देशी तोडगा शिकवला गेला होता: तिथल्या बायका नेसतात त्या ठरावीक मापाच्या 'कांगा' कापडाचे दोन तुकडे भिजले की ५०० मिली समजायचे. कापड एकाच मापाचं आणि विणीचं असेल तरच हे चालतं. आपल्याकडे जुन्या लुगड्याचा तुकडा आणि टेरिकॉटच्या साडीचा तुकडा यांची शोषण्याची ताकद वेगळी, त्यामुळे ही युक्ती जशीच्या तशी उचलता येणार नाही. ड्रेप नसलेल्या उपकेंद्रात मात्र सरकारी पुरवठ्याच्या एकाच जातीच्या पॅडवर असं माप बसवता येईल.

दुसरा सराव साखळीचा. चौघांचा गट करावा. एक पोटावर आणि खाली, एक शिरा-सलाईन-औषधं, एक नाडी-रक्तदाब-लिखाण, एक मदतीला हाक मारणारा आणि धावपळ करणारा. प्रशिक्षक मॅनिकिनखालून नळीने मिश्रण सोडतो: पहिली १० मिनिटं हळूहळू १५० पर्यंत, मग एकदम धार. पोटाला बांधून कुणीतरी बाळंतीण बनते असा सिम्युलेटर असेल तर उत्तम, कारण ती बाई बोलू शकते: "मला चक्कर येतेय." प्लास्टिकचं अर्धं धड तसं बोलत नाही आणि विद्यार्थीही त्याच्याशी बोलत नाहीत. 'मामानॅटली' हा त्या प्रकारातला जगभर वापरला जाणारा संच. पण महागडा सिम्युलेटर नाही म्हणून सराव थांबवू नये. प्लास्टिकची टाकी, सलाईनची नळी आणि गुंडाळलेला टॉवेल एवढ्यात साखळीचा सराव होतो. गर्भाशयाचा टणकपणा दाखवायला अर्धवट फुगवलेला फुगा आणि सोललेला नारळ शेजारी ठेवावा: हा ढिला, हा आवळलेला.

चूक कुठे होते ते बघण्यासारखं असतं. मसाज सगळे करतात, पण ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडला अडतात. डोस १ ग्रॅम, शिरेतून १० मिनिटांत सावकाश. आपल्याकडचं ॲम्प्यूल बहुधा ५ मिलीचं, ५०० मिलिग्रॅमचं. म्हणजे दोन ॲम्प्यूल. सरावात निम्मे गट एकच फोडतात आणि "टीएक्सए दिलं" असं लिहून मोकळे होतात. ऑक्सिटोसिनचंही तेच: १० युनिट म्हणजे ५ युनिटांची दोन ॲम्प्यूल, सलाईनमधून १० मिनिटांत, आणि त्यानंतर १ लिटरमध्ये २० युनिट ४ तासांत. शिवाय ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, म्हणून ते ट्रेमध्ये नसतं, फ्रिजमध्ये असतं, आणि फ्रिजची किल्ली भलत्याच्याच खिशात असते. हे सरावात कळलेलं बरं. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडला वेळेचं बंधन आहे: बाळ झाल्यापासून ३ तासांच्या आत, आणि जितकं उशिरा तितका फायदा घटतो. २०१७ च्या 'वुमन' चाचणीत २०,००० हून अधिक बायकांवर हे औषध तपासलं गेलं, आणि त्यानंतर ते "शेवटचा उपाय" राहिलेलं नाही. तरी जुन्या सवयीने आधी मिसो, मग मेथर्जिन, मग कार्बोप्रोस्ट अशी गर्भाशय आवळणाऱ्या औषधांची उतरंड रचून मगच टीएक्सएकडे हात जातो. सरावात ही उतरंड मोडावी लागते, आणि ती बोलून मोडत नाही, घड्याळ लावून मोडते. रेषेपासून पाचही गोष्टी सुरू व्हायला १५ मिनिटांहून जास्त लागली तर पुन्हा. पहिल्या फेरीत बहुतेक गट नापास होतात. तिसऱ्या फेरीत जमतं.

एकदा कार्यशाळा घेतली, प्रमाणपत्रं वाटली, फोटो काढला, झालं, असं धरून बसू नये. दोन-तीन महिन्यांत हात पुन्हा जुन्या वळणावर जातात. आठवड्यातून एकदा, ड्युटी बदलताना, १० मिनिटं, फक्त एका गटाचा सराव, हे एका दिवसाच्या भपकेबाज कार्यशाळेपेक्षा जास्त टिकतं.

सरावाचे ड्रेप धुऊन पुन्हा वापरता येतात, खऱ्या बाईसाठीचे नाही. हा फरक कुणाच्या भरवशावर सोडू नका. सरावाच्या प्रत्येक ड्रेपचा एक कोपरा कात्रीने कापून टाका आणि वर मोठ्या अक्षरांत "ट्रेनिंग" लिहा, म्हणजे तो चुकूनही लेबर रूमच्या कपाटात जाणार नाही. २४ जणांच्या तुकडीला सहा ड्रेप पुरतात.

खरेदीत सरकारी संस्थांची फसगत ठरलेली असते. निविदेत नुसतं "अंडर-बटॉक ड्रेप विथ पाऊच" लिहिलं की सगळ्यात स्वस्त येतो तो बिनखुणांचा, दुधी प्लास्टिकचा ड्रेप. नियमाने तोच घ्यावा लागतो आणि मग तो कपाटात पडून राहतो. निविदेतच लिहावं: पूर्ण पारदर्शक, मिलिलिटरमध्ये छापील खुणा, ३०० आणि ५०० ला वेगळ्या ठळक रेषा, निमुळता तळ, कमरेच्या दोन पट्ट्या, निर्जंतुक, प्रत्येक पाकिटावर लॉट नंबर आणि मुदतीची तारीख. आणि नमुना पाण्याने तपासल्याशिवाय बिल मंजूर करू नये. पाकीट वर्षभर उष्ण कपाटात राहिलं तर प्लास्टिक चिकटतं आणि उलगडताना फाटतं, म्हणून साठा तीन महिन्यांपुरताच मागवावा.

बाईच्या बाजूने या वस्तूत एक खरी उणीव आहे. मे महिन्यात, पंख्याखाली, ओल्या प्लास्टिकवर तासभर पडून राहणं त्रासदायक असतं. पाठ चिकटते, खाली थंड लागतं, आणि आपलं रक्त पारदर्शक पिशवीत सगळ्यांसमोर लोंबतंय हे बघून लाजही वाटते आणि भीतीही. पाठीकडच्या भागावर सुती कापडाचा एक थर असलेला ड्रेप मिळाला तर थोडा जास्त पैसा द्यावा. पडदा ओढावा, पायांवर चादर टाकावी, बाळ छातीशी द्यावं, आणि सांगावं: "ताई, किती रक्त जातंय ते मोजायला हे लावलंय, तासाभरात काढू." एवढं सांगितलं की बायका सहसा नाही म्हणत नाहीत. उलट कित्येकजणी स्वतःच विचारतात, किती झालं.

शेवटची सूचना विभागप्रमुखांसाठी. ड्रेप सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत रजिस्टरमधलं पीपीएचचं प्रमाण वाढणार. रक्तस्राव वाढलेला नसतो, आधी न मोजलेला आता मोजला जात असतो. हे अधीक्षकांना आणि जिल्हा कार्यालयाला आधीच लेखी कळवावं. नाहीतर मासिक बैठकीत "तुमच्याकडेच इतके पीपीएच कसे?" असा प्रश्न येतो, तो इन्चार्ज सिस्टरपर्यंत पोचतो, आणि पुढच्या महिन्यापासून रजिस्टरमध्ये ४८०, ४९०, ४९५ असे आकडे दाटीवाटीने दिसू लागतात. असे आकडे दिसले की त्या ड्युटीतले पुढचे दहा ड्रेप टाकून देण्यापूर्वी दुसऱ्या कुणीतरी वाचावेत, आणि केसपेपरवर "मोजलेलं" आणि "अंदाजे" असे दोन वेगळे रकाने पाडून घ्यावेत.